रोशनबीचा फोन

रोशनबी जमादारला हळू बोलता येत नाही. ती कबनूरची. माहेरच्या घराला लागूनच यंत्रमागांची शेड, त्यामुळे तिथली माणसं शेजाऱ्याकडं मीठ मागायचं झालं तरी भांडायला उठल्यासारखी मागतात. लग्न करून ती कोल्हापुरात आली. इथं सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे बाई, आवाज जरा कमी कर, असं तिला कुणी सांगितलंच नाही. मी सांगितलं. शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात तिला कामाला घेतलं त्या दिवसापासून सांगतोय. अजून फरक पडलेला नाही.

मी किसनात. माझा धंदा चोर शिरला की वाजणाऱ्या अलार्मचा. दुकानं, गोदामं, सराफांच्या पेढ्या आणि थोडेफार बंगले. दाराला सेन्सर बसवायचा, आत एक पेटी, बाहेर भोंगा, आणि गल्ल्याखाली किंवा स्वयंपाकघरात ओट्याखाली धोक्याचं लाल बटन. कुठं काही झालं की तिकडं भोंगा बोंबलतो आणि इकडं आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर लाल पट्टी येते. बटन दाबलं तर मात्र भोंगा वाजत नाही, चोर समोर उभा असताना तो वाजून चालणार नाही. फक्त आमच्याकडं पट्टी. मग रोशनबीनं फोन लावायचा आणि विचारायचं, काय झालं? मालकानं ठरलेला खुणेचा शब्द बरोबर सांगितला की विषय मिटला. शब्द चुकला किंवा फोन उचललाच नाही, तर माणसं पाठवायची.

हा खुणेचा शब्द म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. सुरुवातीला निम्म्या गावानं 'अंबाबाई' हाच शब्द दिला. मी म्हटलं, अहो, चोर पण कोल्हापूरचाच असणार, त्याला हे सुचणार नाही का? तर उरलेल्यांनी 'जोतिबा' दिला. कसाबसा प्रत्येकाला वेगळा शब्द घ्यायला लावला, तर लोक तो फोनवर इतक्या मोठ्यानं सांगतात की समोरच्या गाड्यावरच्या केळेवाल्याला पाठ. एका सराफाचा शब्द मला त्या केळेवाल्यानंच सांगितला होता.

आणि माणसं पाठवायची म्हणजे तालमीतली. पोलिसांना कळवतोच आम्ही, पण पेठेत पोलिसांची गाडी वळेपर्यंत तालमीतली पोरं दाराशी उभी असतात. म्हणून गिऱ्हाईक नवीन झालं की पत्त्याबरोबर मी जवळच्या तालमीच्या वस्तादांचा नंबर लिहून घेतो. दुसऱ्या गावात हा धंदा कसा करतात मला माहीत नाही. आमच्याकडं असा करतात.

तर रोशनबी. फोन लावायचा, शब्द घ्यायचा, फोन ठेवायचा, एवढं साधं काम. पण ही बाई फोन ठेवतच नाही. पाल फिरली म्हणून भोंगा वाजलेला असतो, मालकानं शब्द सांगितलेला असतो, आणि ही विचारत असते, "सून माहेराहून आली का? आणि त्या पायाचं काय म्हणाले डॉक्टर?" गोदामाच्या वॉचमनच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे हिला माहीत. मी वैतागून म्हणायचो, "रोशनबी, आपण अलार्मवालं हाय, सोयरं न्हवं." ती म्हणायची, "दादा, ज्याच्या घराची राखण करायची त्याचं घर माहीत नको व्हय?" मी चहा मागवायचो.

तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांत भारी गिऱ्हाईक म्हणजे मंगळवार पेठेतले उदयसिंह, सगळ्यांचे आबा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, दुकानामागं घर, घरामागं गोठा. खुणेचा शब्द 'मैना'. मैना म्हणजे त्यांची लाडकी म्हैस. आबांकडं अलार्म वाजला आणि रोशनबीनं फोन लावला की पलीकडून जे सुरू व्हायचं ते पलीकडच्या टेबलावर बसून मलाही ऐकू यायचं.

"वाजला तर वाजू दे की! अलार्म हाय का कोंबडा? मांजर शिंकलं तरी बोंबलतोय! त्या किसनाताला सांग, पुढच्या खेपेला पेटी काढून डोक्यात घालतो. मैना! घावला शब्द? ठेव आता."

"ठेवतो की आबा. गुडघा कसा हाय?" रोशनबी विचारायची.

मग आबा गुडघ्याबद्दल बोलत बसायचे. ओरडूनच, पण निवांत.

संकटात सापडलात आणि चोर शेजारी उभा असेल तर मुद्दाम एक वेगळा शब्द बोलायचा, अशीही आमची एक सोय आहे. आबांना मी ती समजावून सांगायला गेलतो. ते म्हणाले, "चोर समोर आल्यावर मी शब्द आठवत बसू व्हय? हाणतो की!" फॉर्मवरचा तो रकाना मी कोराच सोडला.

हे सगळं छान चाललं होतं असं मी म्हणणार नाही, कारण रोशनबीनं मला दोनदा तोंडघशी पाडलं होतं. एकदा कापडाच्या दुकानदारानं शब्द बरोबर सांगितला, तरी "त्यांचा आवाज रडका वाटला" म्हणून हिनं माणसं पाठवली. दुकानदाराला सर्दी झाली होती. दुसऱ्यांदा असंच काहीतरी, आणि त्या वेळी चौकीतल्या हवालदारानं मला उभं करून झाडलं. त्याच सुमारास माझ्याकडं एक विक्रेता येऊ लागला होता, टाय बांधून, ऐन उन्हाळ्यात. त्याच्याकडं फोन करणारी मशीन होती. लाल पट्टी आली की मशीन आपोआप फोन लावणार, गोड आवाजात विचारणार, मालकानं फोनवर एक आकडा दाबला की मिटलं. पगार नाही, सुट्टी नाही, गुडघ्याची चौकशी नाही.

मी रोशनबीला समोर बसवून सांगितलं, "शब्द बरोबर आला की विषय बंद. आता एकदा जरी उगाच माणसं पाठवलीस, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीवर मशीन येणार. मग मला बोल लावू नगंस."

"बरं," ती म्हणाली. तिचा नवरा मौला टेम्पो चालवतो आणि त्याचं काम कधी असतं, कधी नसतं. घर तिच्या पगारावर चालतं हे मला माहीत होतं. मला ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तरी ती एवढंच म्हणाली.

पुढं एका रविवारी सकाळी मी घरी पेपर वाचत बसलो होतो. रोशनबीचा फोन आला.

"दादा, उदयआबांच्या घरातलं बटन दाबलंय. मी जोतीराम वस्तादास्नी पाठवलंय. तुमी बी पळा."

"आबांनी फोन उचलला न्हाय?"

"उचलला की."

"शब्द चुकला?"

"न्हाय. मैना म्हणाले."

माझं डोकंच फिरलं. "आगं मग माणसं कशाला पाठवलीस?"

"दादा, आबा मला 'ताई' म्हणाले." तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "म्हणाले, 'सर्व काही ठीक आहे ताई, आपण काळजी करू नये, धन्यवाद.' दादा, धन्यवाद म्हणाले ओ! कुणीतरी गळ्याला सुरा लावलाय त्यांच्या."

खरं सांगतो, मी तिला शिव्या घालायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आबा आणि धन्यवाद? चपला कुठल्या घातल्या ते न बघता मी स्कूटरला किक मारली.

आबांच्या घरात शिरलो तर पुढचं दृश्य असं. सोप्यात नवीन चादरी अंथरलेल्या. फुलदाणी. कोचावर चार शहरी माणसं, हातात पोह्यांच्या बश्या. आणि त्यांच्याभोवती तालमीतले पाच-सहा गडी, व्यायाम अर्धा टाकून आलेले, लंगोटावर टॉवेल, अंगाला तांबडी माती. जोतीराम वस्तादांनी त्यातल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांना पाठीमागून कंबरेला विळखा घालून उचललं होतं. गृहस्थांचे पाय जमिनीपासून वर, पण हातातली बशी त्यांनी सोडली नव्हती. एक पोहासुद्धा सांडला नव्हता, हे मला अजून आठवतं.

"आबा, ह्योच न्हवं?" वस्ताद विचारत होते. "सुरा कुठं ठेवलायस रं?"

आबा नव्या कोऱ्या सदऱ्यात उभे होते. ते ओरडले.

"आरं सोड त्याला, रेड्या! पावणं हाईत ती! पोरीला बघायला आल्यात!"

वस्तादांनी गृहस्थांना अलगद खाली ठेवलं, त्यांच्या शर्टावरची माती झटकली, त्यानं ती आणखी पसरली. ते मुलाचे मामा होते. मंडळी पुण्याहून आली होती. आबांची मुलगी वर्षाराणी दारात ट्रे घेऊन उभी होती, आणि आबांची बायको संयोगिताकाकी तिच्यामागं, तोंडाला पदर लावून.

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आबांनी आठवडाभर घरात फर्मान सोडलं होतं की पाहुण्यांसमोर कुणी हाय-न्हाय करायचं नाही, पुस्तकातलं बोलायचं. स्वतःही तसंच बोलत होते. त्यात ओट्याखालचं बटन दाबलं गेलं. "वरचं कप काढताना माझाच कोपर लागला असंल," काकी पुटपुटल्या. रोशनबीचा फोन आला तेव्हा आबा पाहुण्यांच्या मधोमध बसलेले. पुण्याच्या माणसांसमोर म्हशीचं नावसुद्धा त्यांनी मंत्र म्हटल्यासारखं सांगितलं, आणि वर धन्यवाद.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "आम्ही कळवतो," त्या म्हणाल्या, आणि कळवायचं काय ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. मंडळी गाडीत बसून गेली. मुलगा जाताना वर्षाराणीकडं बघून थोडा हसला, पण आईनं हाक मारल्यावर तोही गेला.

मी आबांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. मला वाटत होतं आता ओरडतील, पेटी काढून खरंच डोक्यात घालतील. ते नुसते कोचावर बसून राहिले. ते जास्त वाईट होतं.

तिथून तडक ऑफिसात गेलो. जिना चढतानाच माझं तोंड सुरू झालं होतं. एका पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं, माझं नाव पेठेत मातीत गेलं, अजून काय काय. रोशनबीनं सगळं ऐकून घेतलं.

"आबांना लागलं तर न्हाय न्हवं कुठं?" तिनं विचारलं.

"न्हाय! त्यास्नी काय धाड भरली न्हवती!"

"मग झालं."

"काय झालं? चुकलं म्हण की एकदा!"

तिनं मान खाली घातली, पण म्हणाली ते मोठ्यानंच म्हणाली. "आबांची माफी मागतो दादा, पायावर डोकं ठेवतो. पण परत तसं बोलले तर मी परत माणसं पाठवीन. तुमाला लबाड कशाला बोलू?"

ह्यावर माझा जो संताप झाला त्यात मी सांगून टाकलं की उद्यापासून यायचं नाही. तिनं डबा पिशवीत घातला, टेबल पुसून घेतलं. "मी जातो दादा," म्हणाली आणि गेली. पडद्यासमोर मी बसलो. दिवसभर एकही पट्टी आली नाही, तेवढं नशीब.

सोमवारी सकाळी टायवाला विक्रेता मशीन घेऊन हजर. एवढीशी काळी पेटी. त्यानं ती रोशनबीच्या टेबलावर मांडली, वायर जोडली. "ऐका सर," म्हणाला आणि कळ दाबली. एका बाईचा आवाज आला, साखरेच्या पाकातला. "आपल्या ठिकाणी अलार्म वाजला आहे. सर्व काही ठीक असल्यास, कृपया एक दाबा."

"कसा वाटला आवाज?"

मी काही बोलणार तेवढ्यात दारात आबा उभे. मागं वर्षाराणी, ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. ती एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. पोटाला चिमटा काढून आबांनी तिला लहानपणी पहिले बूट घेऊन दिले होते, हे अख्ख्या पेठेला माहीत. मुलींचा सामना असला की आबा मैदानाच्या कडेला उभं राहून पंचाला जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.

"रोशनबी कुठाय?" आबांनी विचारलं.

"काढून टाकली आबा," मी घाईघाईनं म्हणालो. "कालच. तुमची आब्रू गेली, मी काय तिला ठेवतोय व्हय? आता ही मशीन..."

"पावण्यांचा फोन आलता," आबा मधेच म्हणाले. "न्हाय म्हणाले."

मी खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत. वर्षाराणी त्यांच्या आणि मशीनच्या मधे येऊन उभी राहिली. ती नेहमी ताठ उभी राहणारी पोर, पण त्या वेळी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"दादा, त्यांना काढू नका," ती म्हणाली. "आणि आबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. आईचा कोपर लागला न्हवता. बटन मी दाबलं."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. "तू? कशापाई?"

"मी आत कप भरत होते. बाहेर त्या बाई म्हणाल्या, आमच्या घरच्या सुनेनं अर्ध्या चड्डीत मैदानावर पळणं बरं दिसत नाही, लग्नानंतर ते सगळं बंद करावं लागेल. मला वाटलं, आता आबा बोलतील. आता उठतील." तिनं बोटाची दोरी सोडली. "तुम्ही म्हणालात, 'हो, आपलं म्हणणं योग्य आहे.' आबा, तो आवाज तुमचा वाटलाच न्हाय मला. बाहेर येऊन काय बोलू सुचेना. पाहुण्यांसमोर बोलायचं न्हाय असं तुम्हीच सांगितलं होतं. हाताखाली बटन होतं, ते दाबलं. कुणी येईल असं वाटलं पण न्हवतं. आणि तेवढ्यात तुम्ही फोनवर म्हणालात, सर्व काही ठीक आहे."

विक्रेता टाय सैल करत होता. मला कुठं बघावं ते कळेना. आबांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतोय, पण असा कधी पाहिला नव्हता. मग त्यांची नजर टेबलावरच्या काळ्या पेटीवर गेली.

"ही काल असती तर?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"लगेच फोन आला असता सर! माणूस मधे लागलाच नसता. तुम्ही एक दाबला की झालं."

"मी एक दाबला असता," आबा म्हणाले.

एवढं हळू बोललेले आबा मी पहिल्यांदाच ऐकले. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी विक्रेत्यावर ओरडलो, की ही पेटी उचला, आणि ह्या जिन्यावर पुन्हा दिसू नका. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्यानं गुमान वायर गोळा केली. नंतर त्याला चहा पाजला मी.

रोशनबीला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. कानाला लावला. ओठ हलले, पण खाकरण्यापलीकडं आवाज निघेना. आबांना बोलता येत नाही, असं कधी बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

पलीकडून रोशनबीचा आवाज सगळ्या ऑफिसात ऐकू येत होता. "हॅलो! कोण हाय? बोला की! दादा, तुमीच हाय न्हवं? आबा? आबा, तुमी हाईसा व्हय? मग बोलत का न्हाईसा? काय झालं? माणसं पाठवू काय?"

वर्षाराणीनं फोनजवळ तोंड नेलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"माणसं नकोत मावशी," ती म्हणाली. "तुम्हीच या."